रविवारी किती मुलं मुक्कामाला असतात? : ब्रिटिश प्रेप स्कूल निवडण्याचं एक प्रकरण

मुलगा मार्च २०१५ चा. पुण्यात आयसीएसई शाळेत, २०२४-२५ मध्ये चौथीत. वडिलांचा भोसरीत वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, आई भूलतज्ज्ञ, घरात आजी. जानेवारी २०२५ मध्ये विषय निघाला तो असा: येत्या सप्टेंबरला मुलाला इंग्लंडमधल्या प्रेप स्कूलला पाठवायचं, पुढे ईटन नाहीतर हॅरो. वडिलांकडे पाच शाळांची यादी तयार होती. पाचही नावाजलेल्या, त्यातल्या दोन ऑक्सफर्डच्या आसपासच्या.

हे एकाच घराचं हुबेहूब चित्र नव्हे. परदेशी शाळेच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका घरात आणून मांडलं आहे. नियम, तारखा आणि पैशांचे दर मात्र त्या काळात लागू होते तेच आहेत.

प्रेप स्कूल म्हणजे साधारण सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांची खाजगी शाळा. तिचं मूळ काम मुलाला मोठ्या शाळेच्या, म्हणजे सीनियर स्कूलच्या, प्रवेशासाठी तयार करणं. काही प्रेप अकराव्या वर्षी संपतात, काही तेराव्या. हा फरक पहिल्याच दिवशी विचारायचा असतो, कारण ईटन, हॅरो यांसारख्या शाळांचा मुख्य प्रवेश तेराव्या वर्षी होतो. यादीतली एक शाळा अकराला संपत होती. ती तिथेच गळली.

चौथी म्हणजे पाचवं वर्ष

घरात सगळ्यांचा समज एकच होता: पोरगा अजून चौथीत आहे, वेळ आहे. इंग्लंडमध्ये इयत्ता ३१ ऑगस्टच्या वयावर ठरते. मार्च २०१५ ला जन्मलेलं मूल तिथे २०२४-२५ मध्ये ‘इयर फाइव्ह’मध्ये असतं. म्हणजे सप्टेंबर २०२५ ला तो इथे पाचवीत जाईल, तिथे गेला तर थेट इयर सिक्समध्ये बसेल. आणि ईटनची नोंदणी बंद होते ती इयर फाइव्हच्या ३० जूनला. ज्या मुलाला ‘अजून वेळ आहे’, त्याच्या हातात सहा महिनेसुद्धा नव्हते.

इथे एक गाठ सोडवावी लागली. वडील धरून चालले होते की आधी प्रेपमध्ये प्रवेश, मग प्रेपवाले पुढची नोंदणी करतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा संबंध नाही. सीनियर स्कूलमध्ये नाव नोंदवायला मूल ब्रिटनमध्ये असावं लागत नाही. पुण्यात बसून अर्ज करता येतो, नोंदणी शुल्क भरता येतं, आणि ते परत मिळत नाही हेही लक्षात ठेवायचं. जूनअखेर तीन सीनियर शाळांत नाव घातलं. त्यानंतर प्रेपची घाई आपोआप निम्म्याने कमी झाली.

त्या शाळांपैकी बऱ्याच जणी इयर सिक्सच्या सुमारास आयएसईबी या खाजगी शाळांच्या परीक्षा मंडळाची प्री-टेस्ट घेतात. संगणकावरची परीक्षा: इंग्रजी, गणित, शाब्दिक आणि अशाब्दिक तर्क. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड होत जातो. एका शैक्षणिक वर्षात ती एकदाच देता येते, आणि तोच निकाल मुलाने निवडलेल्या सगळ्या शाळांना जातो. गुण वयानुसार जुळवले जातात. या मुलाचं गणित पक्कं होतं. शाब्दिक तर्काचे प्रश्न मात्र त्याने आयुष्यात पाहिले नव्हते, आणि इंग्रजीत गोष्ट लिहायला सांगितली की तो निबंधाच्या वहीतलं पाठ केलेलं लिहायचा. पुण्यातल्या चांगल्या शाळांतल्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. यूकेसेट नावाची चाचणी परदेशी मुलांसाठी अनेक शाळा मागतात. तिच्यातही हेच दिसलं.

चार वाटा

पहिली वाट वडिलांची: लगेच सप्टेंबर २०२५ ला, इयर सिक्समध्ये, पूर्ण वेळ वसतिगृहात.

दुसरी आजीची. आईचा मावसभाऊ लंडनच्या वायव्येला हॅरो भागात वीस वर्षं राहतो. त्याच्याकडे राहून पोरगा जवळच्या डे स्कूलला जाईल, घरचं जेवेल, घरात मराठी कानावर पडेल. कागदावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मायेची वाट. ती अडली कायद्यात. सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाखेरीज कुणाकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल तर तिथे ते ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ ठरतं. आधी स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं, समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, पुढेही येत राहतात. जवळचे नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, सावत्र आई-वडील. मुलाने त्या माणसाला जन्मापासून मामा म्हटलेलं असलं तरी कायद्याला आईचा सख्खा किंवा सावत्र भाऊ लागतो. यात बेकायदेशीर काही नाही, रीतसर करता येतं. पण मावसभावाची बायको नोकरी करते, तिची दोन मुलं आहेत, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर ती फार सभ्यपणे बोलली. उत्तर काय ते सगळ्यांना समजलं.

तिसरी वाट आईची, आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मूल चाइल्ड स्टुडंट व्हिसावर डे स्कूलला जात असेल आणि त्याचं वय चार ते अकराच्या दरम्यान असेल, तर आई किंवा वडील यांपैकी एकाला सोबत राहण्यासाठी वेगळा व्हिसा मिळतो. अटी कडक आहेत. त्या पालकाला तिथे काम करता येत नाही, दुसऱ्या पालकाने तिथे राहायचं नाही, मुख्य घर ब्रिटनबाहेरच ठेवायचं. खर्चासाठी दरमहा १,५६० पौंड असे नऊ महिन्यांपर्यंतचे पैसे दाखवावे लागतात. भूलतज्ज्ञ बाईने चालती प्रॅक्टिस सोडून लंडनमध्ये डबा भरत बसायचं, हा प्रश्न होताच. पण ती त्यालाही तयार होती. व्हिसा मूल बारा वर्षांचं झालं की संपतो. हा मुलगा बारा वर्षांचा होणार मार्च २०२७ मध्ये, म्हणजे इयर सेव्हनच्या ऐन मध्यावर. तेव्हा आई परत, आणि मुलासाठी वर्षाच्या मधेच वसतिगृह शोधायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हीच वाट बरी ठरली असती. इथे जन्मतारीखच आडवी आली.

चौथी वाट माझी होती आणि ती कुणालाच आवडली नाही: तेराव्या वर्षापर्यंत पुण्यातच ठेवा, सीनियर स्कूलला थेट पाठवा. आजही मला ती वाईट वाटत नाही. प्रेप स्कूलचा खरा उपयोग तिथल्या मुख्याध्यापकाच्या शब्दाला असलेल्या वजनात आहे. कोणतं मूल कोणत्या सीनियर शाळेत रुळेल हे तो ओळखतो आणि तसं त्या शाळेला सांगतो. ते वजन परदेशी मुलाला हवं असेल तर दोन वर्षांत मिळतं, चार लागत नाहीत.

पैसे

त्यांनी पाहिलेल्या वसतिगृहाच्या शाळांत फी सत्राला साधारण १२,५०० पौंड होती. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, वसतिगृहाच्या फीसकट. काही शाळांनी त्याचा थोडा भार स्वतः उचलला, या शाळांनी उचलला नव्हता. म्हणजे सत्राला १५,०००, वर्षाच्या तीन सत्रांचे ४५,०००. पौंड ११० रुपये धरला तर वर्षाला साडेएकोणपन्नास लाख. त्यावर गणवेश, सहली, लॅटिनची किंवा इंग्रजीची जादा शिकवणी, विमानाची तिकिटं. व्हिसासोबत आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ.

पैसे बाहेर पाठवताना टीसीएस, म्हणजे बँकेतच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो: २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर जाणाऱ्या रकमेवर तो ५ टक्के होता. सगळे पैसे एकट्या वडिलांच्या खात्यातून गेले तर त्या दराने सुमारे १ लाख ९७ हजार अडकले असते. असे पैसे आयकरात वळते होतात, पण तोवर हातात नसतात. आई-वडील दोघांनी विभागून पाठवले तर १० लाखांची मर्यादा दोघांना वेगवेगळी मिळते. चाइल्ड स्टुडंट व्हिसासाठी एका वर्षाची शाळेची आणि वसतिगृहाची फी खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. कारखान्याच्या चालू खात्यात पैसे फिरवायची सवय असलेल्या घराला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वर्षाला साडेएकोणपन्नास म्हटल्यावर तीन वर्षं की दोन, हा प्रश्न वडिलांनाही पडायला लागला.

शाळा पाहताना

मार्चमध्ये मुलाची परीक्षा संपल्यावर तिघे जाऊन आले. इथे मी त्यांना एकच गोष्ट बजावून पाठवलं होतं: मैदान, थिएटर, जलतरण तलाव दाखवतील, ते बघा, पण बाहेर पडायच्या आधी विचारा की रविवारी दुपारी शाळेत किती मुलं असतात, आणि त्यांतली किती याच्या वयाची.

मराठी घरांतली वसतिगृहाची कल्पना पाचगणीची आहे. तिथे सगळी मुलं एकदम येतात, एकदम सुट्टीला जातात. आजच्या इंग्लिश प्रेपमध्ये तसं फार कमी ठिकाणी राहिलंय. बोर्डर म्हणून मोजलेल्या मुलांत आठवड्यातून दोन रात्री राहणारी असतात, सोमवार ते शुक्रवार राहणारी असतात. शनिवारी सामना संपला की आई-बाबा गाडी घेऊन येतात आणि इमारत रिकामी होते. वडिलांच्या यादीतल्या एका शाळेत ‘साठ बोर्डर’ होते. विचारल्यावर कळलं की रविवारी दहा-बाराच, आणि त्यात इयर सिक्सचे दोन. ते दोघं एकाच देशातले, आपसांत आपल्या भाषेत बोलणारे. शाळा वाईट मुळीच नव्हती. तिथे राहणाऱ्या स्थानिक मुलांसाठी ती उत्तम असावी. पुण्याहून आलेल्या मुलाने दर शनिवारी संध्याकाळी काय करायचं, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे ‘आम्ही छान सहली काढतो’ इतकंच होतं.

दुसरी शाळा कमी नावाची, बर्कशरमधली. तिथे शनिवारी सकाळी वर्ग, दुपारी सामने, आणि ठरलेल्या सुट्टीच्या शनिवार-रविवारखेरीज कुणी घरी जात नाही. या सुट्टीला ‘एग्झिअट’ म्हणतात. तिथे वरच्या दोन वर्षांत बोर्डर वाढतात, कारण सीनियर स्कूलच्या वसतिगृहाची सवय व्हावी म्हणून पालकच मुलांना तेव्हा ठेवायला लागतात. इयर सेव्हन आणि एटमध्ये रविवार भरलेला, इयर सिक्समध्ये अजून विरळ. याच माहितीवर पुढचा सगळा निर्णय फिरला.

मुलगा एक रात्र तिथे राहिला. सकाळी त्याची तक्रार एकच होती, क्रिकेट नाही. तिथे क्रिकेट एप्रिल ते जुलैच्या सत्रातच; हिवाळ्यात रग्बी, हॉकी. पुण्यात बाराही महिने अकादमीत जाणाऱ्या मुलाला हा मोठा धक्का होता, आणि तो आधी बसला हे चांगलं झालं.

आईने विचारलेले प्रश्न जास्त कामाचे होते. रात्री ताप आला तर कोण उठतं? मेट्रन इमारतीतच राहते का? शाळेबाहेरचं असं कोण माणूस आहे ज्याला मूल आमच्या किंवा शिक्षकांच्या नकळत फोन करू शकतं? असा माणूस ठेवणं वसतिगृहांच्या राष्ट्रीय किमान निकषांत बसतं, त्यामुळे उत्तर अडखळलं तर पुढे विचारायचं. एका ठिकाणी अडखळलं. बर्कशरच्या शाळेत मुलांच्या फोनजवळ नाव आणि नंबर लावलेला होता. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या बाल लैंगिक अत्याचार चौकशी आयोगाने मार्च २०२२ मध्ये निवासी शाळांवर जो अहवाल दिला, त्यानंतर हे प्रश्न विचारणाऱ्या पालकाकडे कुणी संशयाने पाहत नाही. पाहिलं तर तीच माहिती समजायची.

फोनची वेळ हा बारीक मुद्दा वाटतो. मुलांचे मोबाइल दिवसभर जमा असतात. संध्याकाळी सातला मिळाले तर हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेबारा. आजी बारा वाजेपर्यंत जागी राहीन म्हणाली, पण तेही अर्धा तास कमीच पडत होतं. शेवटी रविवारी सकाळी साडेआठ ही वेळ ठरली, इथे दुपारचे दोन.

माहितीपत्रकांबद्दल एक सांगतो. तपासणीत ‘एक्सलंट’ मिळालं असं छापलेलं दिसलं तर तारीख बघावी. खाजगी शाळांची तपासणी करणाऱ्या इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेटने सप्टेंबर २०२३ पासून असा शेरा देणं बंद केलं आहे. आता शेऱ्याऐवजी निकष पूर्ण झाले की नाही ते नोंदवतात. म्हणजे तो शेरा जुना आहे. अहवाल फुकट वाचायला मिळतात. बहुतेक प्रेप धर्मादाय संस्था असल्यामुळे त्यांचे वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर असतात. व्हॅट आल्यानंतर लहान प्रेप बंद पडण्याच्या किंवा दुसरीत विलीन होण्याच्या बातम्या येतच आहेत, आणि कारखानदाराला ताळेबंद वाचता येतो. वडिलांनी दोन शाळा निव्वळ मुलांची घटती संख्या आणि वाढतं कर्ज पाहून खोडल्या. त्यांचा उत्साह या टप्प्यावर मला पहिल्यांदा उपयोगी पडताना दिसला.

पुण्यातल्या एका एजंटने फुकट सल्ला देऊ केला होता. प्रवेश झाला की बऱ्याच शाळा एजंटला कमिशन देतात. त्यात गैर काही नाही, फक्त कोणकोणत्या शाळा देतात हे विचारून घ्यावं. त्याने सुचवलेल्या तिन्ही शाळा देणाऱ्या होत्या.

काय ठरलं

सप्टेंबर २०२५ सोडलं. बर्कशरच्या शाळेत सप्टेंबर २०२६ ला, इयर सेव्हनमध्ये, दोन वर्षांसाठी. मधलं वर्ष पुण्यात: आठवड्यातून दोनदा फ्रेंच, थोडं लॅटिन, आणि रोज अर्धा तास पाठ न केलेलं इंग्रजी लेखन. प्री-टेस्ट त्याने २०२५ च्या हिवाळ्यात भारतातूनच दिली.

यात एक तोटा होता, तो लपवला नाही. प्रेपच्या मुख्याध्यापकाच्या शिफारशीऐवजी पुण्याच्या शाळेची शिफारस जाणार होती. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्यांदा जे दिलं ते शिक्का मारलेलं बोनाफाईड होतं, दोन ओळींचं, वर्तणूक चांगली. त्यांना भेटून समजावावं लागलं की सीनियर शाळेला हे मूल वर्गात प्रश्न विचारतं का, हरल्यावर कसं वागतं, कशात कच्चं आहे, हे खाजगीत आणि मोकळेपणाने लिहून हवं असतं. बाई आधी बिचकल्या, कच्चेपणा लिहिला तर मुलाचं नुकसान होईल म्हणून. मग त्यांनी फार छान लिहिलं. त्यांना तो मुलगा शाळेतल्या इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक होता.

तीन सीनियर शाळांपैकी एकीने अटींसह जागा देऊ केली, एकीने प्रतीक्षायादीत ठेवलं, एकीने नाही म्हटलं. नाही म्हणणारी वडिलांच्या सर्वांत आवडीची होती. त्यांनी आठवडाभर तोंड पाडलं आणि मग प्रतीक्षायादीच्या शाळेला कुणाची ओळख लागते का, असं विचारलं. लागत नाही.

मुलाची तिथली स्थानिक पालक, म्हणजे गार्डियन, म्हणून आता एक संस्था नेमली आहे; अशा संस्थांना तपासून मान्यता देणाऱ्या एईजीआयएसची मान्यता तिला आहे. सत्राच्या मधल्या सुट्टीत मुलगा त्यांच्या ठरवलेल्या कुटुंबात राहील. ऑक्टोबरची सुट्टी दोन आठवड्यांची, तिच्यात चार दिवस मावसभावाकडे. २८ दिवसांचा प्रश्नच येत नाही आणि त्याच्या बायकोनेही आनंदाने हो म्हटलं.

व्हिसाचा अर्ज सत्र सुरू होण्याआधी सहा महिन्यांत केव्हाही करता येतो. त्याआधी शाळा परवानाधारक प्रायोजकांच्या सरकारी यादीत आहे हे तपासून घेतलं, आणि क्षयरोगाच्या तपासणीची वेळ घेतली. शाळेच्या करारात दोन कलमांवर वाद झाला. मुलाला काढायचं तर पूर्ण एका सत्राची लेखी सूचना, नाहीतर सत्राची फी, हे सगळीकडेच असतं, ते मान्य केलं. परदेशी मुलांकडून एका सत्राची फी अनामत म्हणून आगाऊ मागितली होती. शाळा बंद पडली तर ती वेगळ्या खात्यात सुरक्षित असेल असं कलम घाला, अशी वडिलांची मागणी होती. शाळेने नाही म्हटलं, इतर पालकांना जे नाही ते एकाला देता येणार नाही. वडिलांनी मागच्या तीन वर्षांचे हिशेब पुन्हा काढले, एक दिवस घेतला आणि पैसे भरले.